तार, वायफाय अन् खारं पाणी



आज फवारणी नाही, खताचा डोस नाही. झड लागली आहे, वावरात पाय ठेवता येत नाही, म्हणून बऱ्याच दिवसांपासून डोक्यात असलेला विषय लिहून काढतो. विषय इतिहासाचा आहे, पण आपल्या धुऱ्यावरचाच आहे. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

गेल्या आठ-दहा वर्षांत आपल्या वऱ्हाडात दोन गोष्टी सोबतच आल्या. एक म्हणजे इंटरनेट. रस्त्याच्या कडेनं नाली खोदून ग्रामपंचायतीपर्यंत नेलेली केबल, अन् त्याहून आधी खिशातला मोबाईल. दुसरी गोष्ट म्हणजे गावाच्या पाण्याचा, मातीचा, झाडांचा लेखी हिशेब: शेततळी, बांधबंदिस्ती, फळबाग, पाण्याचा ताळेबंद. सरकारनं या दोघांचं लग्न लावून दिलं आहे. नकाशा उपग्रहाचा, अर्ज पोर्टलवर, पाऊस यंत्र मोजते अन् अनुदान खात्यात जमा. लोक म्हणतात हे सगळं नवीन आहे. मी म्हणतो, वऱ्हाडात तार पहिल्यांदा आली त्याला दीडशे वर्षं होऊन गेली. तेव्हा काय झालं ते माहीत असलं तर आत्ताच्या तारेकडे नीट पाहता येते.

तर चला १८७० सालात.

१८५३ मध्ये निजामानं वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती दिला. त्याआधी आपला कापूस लमाणांच्या बैलांच्या पाठीवर लादून पार मिर्झापूरला, गंगेच्या काठी जाई. पाचेकशे मैल. वाटेत धूळ लागायची, पावसात सापडला तर भिजायचा. मग १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस बंद पडला अन् इंग्लंडच्या लँकेशायर भागातल्या गिरण्यांना कापूस मिळेना. तेव्हा साहेबाला वऱ्हाड आठवला. १८६७ मध्ये जीआयपी रेल्वे नागपूरला पोचली. शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा ही स्टेशनं त्याच रस्त्यावरची. वऱ्हाड अन् मध्य प्रांतासाठी रिव्हेट-कार्नॅक नावाचा एक साहेब खास कापूस आयुक्त म्हणून नेमला होता. ज्वारी आयुक्त कोणी नेमला नाही, हे ध्यानात ठेवा.

१८६९ च्या नोव्हेंबरात सुएझचा कालवा उघडला. १८७० च्या मार्चमध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जलंब ते खामगाव या फाट्याच्या उद्घाटनाला आले. आठ मैलांच्या रुळासाठी हिंदुस्थानचा व्हाइसरॉय! खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यातच होतं, १९०५ ला बुलडाण्यात गेलं. त्याच साली जूनमध्ये समुद्राखालून टाकलेली तार मुंबईला लागली अन् लंडन-मुंबई निरोप सुरू झाला. आता लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यानं तारेनं कापूस मागवायचा अन् सहा आठवड्यांत गठाण तिथल्या गोदीत उतरायची. रॅली, व्होल्कार्ट यांसारख्या परदेशी पेढ्या आपल्या बाजारात येऊन बसल्या. म्हणजे आपलं वावर जगाशी जोडलं गेलं ते मोबाईल आल्यावर नाही. आपल्या खापरपणज्याच्या पऱ्हाटीचा भाव तेव्हाच लिव्हरपूलहून ठरत होता.

पण तार कोणाच्या दारात होती? स्टेशनात अन् पेढीत. भाव पडला हे दलालाला सकाळी कळे, अन् बंडी घेऊन आलेल्या कास्तकाराला बाजारात उभं राहिल्यावर. अमेरिकेतलं युद्ध संपलं, भाव कोसळले, तेव्हा आधी कोण सावध झालं असेल ते वेगळं सांगायला नको. तरी मला वाटते, आधी कळणं ही अर्धीच गोष्ट आहे. समजा कास्तकाराला कळलंच असतं, तर त्यानं काय केलं असतं? सावकाराचे पैसे डोक्यावर, सारा भरायची तारीख ठरलेली, कापूस ठेवायला कोठार नाही. त्याला विकावाच लागला असता. व्यापाऱ्याजवळ तार होती अन् सोबत थांबायची ताकद होती. तार एकटी कामाची नाही.

याच काळात साहेबानं आणखी एक काम केलं, जे आजही आपल्या सातबाऱ्यात आहे. साखळीनं जमीन मोजली, माती पाहून तिची आणेवारीनं प्रत लावली, सर्व्हे नंबर पाडले, धुऱ्यावर दगड गाडले. जंगलाची वाटणी केली. मेळघाटचं सागवान राखलं, अन् खाली मैदानात चाऱ्यासाठी गवताचे रमणे अन् लाकूडफाट्यासाठी बाभूळबनं राखली. आजकाल ज्याला हरित पायाभूत सुविधा म्हणतात ना, तर रमणा अन् बाभूळबन ही वऱ्हाडातली त्याची जुनी उदाहरणं म्हणा. कल्पना वाईट नव्हती. मैदानात ढोरांना चारा लागतो, वखराला, डवऱ्याला लाकूड लागते. पण ते कोणासाठी, केव्हा खुलं करायचं याचा निर्णय गावाच्या हाती नव्हता. माहिती सगळी वर गेली, निर्णय सगळा खाली आला.

अन् मग १८९६-९७ अन् लगेच १८९९-१९०० चा दुष्काळ. दुसरा तर भयंकर. वऱ्हाडात तोवर रेल्वे होती, तार होती, जमिनीची मोजणी झाली होती, पावसाची नोंद होत होती. हिंदुस्थानचं हवामान खातं १८७५ पासूनचं आहे. तरी माणसं मेली. ज्वारीच्या वावरात पऱ्हाटी गेली होती, पेव रिकामे होते. धान्य रेल्वेनं येत होतं, पण ज्याच्याजवळ पैसा त्याच्यासाठी. तारेमुळे एका बाजाराचा चढा भाव दुसऱ्या बाजारात तेव्हाच पोचे, त्यामुळे स्वस्त धान्याचा कोपरा कुठं उरलाच नाही. मजुराची मजुरी मात्र तारेनं वाढत नव्हती.

हे सगळं दोन शब्दांत ठेवतो अन् पुढं जातो: बातमी होती, हातात काही नव्हतं.

आता खारपाणपट्टा. नवीन लोकांसाठी सांगतो. सातपुड्याच्या पायथ्यापासून खाली, पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंनी, अमरावती, अकोला अन् बुलडाणा या तीन जिल्ह्यांत सुमारे पावणेपाच लाख हेक्टरचा हा पट्टा आहे. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर, बाळापूर या बाजूच्या लोकांना काय सांगायचं, ते तर त्यातच जन्मले. जमीन काळीभोर, खोल, दिसायला सोनं. खाली पाणी खारं. इतकं खारं की जुन्या काळी पूर्णेच्या खोऱ्यात खोल विहिरी खोदून त्या पाण्यापासून मीठ काढत असत. इंग्रजांनी आपल्या मिठाच्या मक्तेदारीपायी तो धंदा बंद केला. विहिरी बुजल्या, पाणी खारं ते खारंच.

ते पाणी पिकाला दिलं की काय होते? मातीतला चुना, म्हणजे कॅल्शियम, मागे पडतो अन् सोडियम मातीच्या कणाला चिकटते. असा कण ओला झाला की सुटा होतो, बारीक भोकं बुजतात, पाणी खाली उतरत नाही, वर पोपडा धरते. आपण तिला चोपण म्हणतो. पावसात चिखल, उन्हात भेगा, मधला वाफसा दोन दिवसांचा. जिप्सम टाकून, ढैंचा-बोरू गाडून, चर काढून ती सुधारते, पण वर पुन्हा तेच पाणी सोडलं तर मेहनत वाया. पिण्याचं तर बोलूच नका. डाळ शिजत नाही, अन् मुतखड्याची, किडनीची तक्रार नाही असं घर सापडणं कठीण.

अशा जमिनीवर राज्याचं नियोजन कसं आलं ते पहा. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीतून नाला बांध, पाझर तलाव झाले. पुढं घोषणा आली, पाणी अडवा पाणी जिरवा. घोषणा चांगली, पण ती खडकाळ, उताराच्या मुलखात जन्मलेली. तिथं पाणी जिरलं की खालच्या विहिरीला येते. पाझर तलाव या नावातच पाझर आहे. आमच्याकडे एक तर पाणी जिरत नाही, अन् जिरलं तर खाऱ्यात जाऊन मिसळते. उथळ थरात गोडं पाणी काही काळ वर राहते हे खरं आहे, तज्ज्ञ मंडळींनी लगेच दुरुस्ती करायला धावू नये. पण त्याच्या भरवशावर हरभरा काढता येत नाही. विहिरीच्या योजनेचंही तसंच. राज्यात विहीर म्हणजे सिंचन, आमच्याकडे विहीर म्हणजे मिठाचं आमंत्रण. बरीच वर्षं कागदावर आमच्या तालुक्यांचा अनुशेष मोजला गेला, अन् तो भरायची अवजारं मात्र दुसऱ्याच मुलखाची होती.

खारपाणपट्ट्याची घोषणा वेगळी पाहिजे: पाणी अडवा, पाणी साठवा. वरच्या वर. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ ला झालं, त्यांनी या मातीवर बरंच काम केलं आहे. शेततळं, रुंद वरंबा सरी, उताराला आडवी पेरणी, जिप्सम, जास्तीच्या पाण्याला वाट. गंमत अशी की ज्या गुणामुळे ही माती बदनाम, त्याच गुणामुळे इथं शेततळ्याला प्लास्टिकच्या कागदाची तितकी गरज पडत नाही. पाणी पाझरतच नाही तर कागद कशाला? बाकीच्या महाराष्ट्रात कागदाचा खर्चच कास्तकाराला मारते.

थोडा हिशेब करू, कारण हिशेबाशिवाय तळं म्हणजे नुसता खड्डा. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. आपल्याकडे सरासरी सातशे-आठशे मिलिमीटर पडतो. म्हणजे हेक्टरी सत्तर ते ऐंशी लाख लिटर पाणी आपल्या डोक्यावर पडते. ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल, एकास एक उताराच्या काठाचं तळं खोदलं तर त्यात साधारण २२ लाख लिटर मावते. ५० मिलिमीटरची एक संरक्षित पाळी एक हेक्टरला द्यायची तर ५ लाख लिटर लागते. उन्हानं उडून जाणारं, तळाशी गाळात राहणारं वजा करा, तरी दोन-तीन पाळ्या निघतात. सोयाबीनच्या शेंगा भरताना वीस दिवसांची उघाड पडली तर एक पाळी म्हणजे पीक अन् काड यातला फरक. हरभऱ्याला पेरताना एक अन् घाटे धरताना एक, झालं काम.

आता याच गोष्टीचं दुसरं टोक, मेळघाट. तुम्ही म्हणाल खारपाणपट्ट्याचा अन् मेळघाटचा काय संबंध? लय जवळचा आहे. वान, शहानूर, चंद्रभागा या नद्या सातपुड्यातून, मेळघाटच्या दक्षिण उतारावरून खाली येतात अन् पूर्णेला मिळतात. त्यांच्यावर पायथ्याशी धरणं आहेत. अकोट-तेल्हाऱ्याकडची चौऱ्याऐंशी खेडी योजना वानच्या पाण्यावर चालते, शहानूरचं पाणी दर्यापूर-अंजनगावकडच्या गावांना येते. म्हणजे आमच्या घरातल्या गोड्या घागरीचा उगम ते जंगल आहे. डोंगरावर झाड आहे म्हणून नदीला ओल आहे, धरणात गाळ कमी आहे. खारपाणपट्ट्याची सगळ्यात मोठी हरित सुविधा आमच्या तालुक्यात नाहीच, ती वर डोंगरात आहे, अन् तिच्या राखणीची किंमत तिथले कोरकू लोक भरतात. १९७४ मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला, देशातल्या पहिल्या नऊपैकी एक. पुढं आतली काही गावं उठली अन् खाली मैदानात आणून वसवली गेली.

त्याच मेळघाटात, परतवाड्याहून सेमाडोह ओलांडून धारणीकडे जाताना हरिसाल लागते. २०१६ मध्ये हे गाव देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून पेपरात झळकलं. राज्य सरकार अन् मायक्रोसॉफ्ट यांचा तो प्रकल्प. हरिसालच का? जंगलातून केबल न्यायची, टॉवर उभा करायचा म्हणजे १९८० च्या वन संवर्धन कायद्याखाली परवानग्या, डोंगर, दरी, साग. म्हणून तिथं वेगळी युक्ती वापरली. टीव्हीच्या प्रसारणासाठी राखलेल्या लहरींमध्ये काही पट्टे रिकामे असतात. त्या लहरी झाडाझुडपांतून, चढउतारातून नेहमीच्या वायफायपेक्षा लांब जातात. त्यांच्यावरून इंटरनेट न्यायचं. डोकं चांगलं चाललं होतं. दवाखान्यात दूरवरच्या डॉक्टरशी पडद्यावर बोलायची सोय, शाळेत डिजिटल वर्ग, रेशनचं मशीन, दुकानात कार्ड.

पुढं काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. २०१९ च्या लोकसभेच्या प्रचारात राज ठाकरेंनी सभेतल्या पडद्यावर हरिसालची फिल्म दाखवली, हे पहा तुमचं डिजिटल गाव म्हणून. दुसऱ्या बाजूनं उत्तरं आली. आपल्याला त्या भांडणात पडायचं नाही. मला त्यातून वेगळीच गोष्ट दिसली. दोन्ही बाजू एकच मोजत होत्या: वायफाय चालू आहे की बंद, मशीन सुरू आहे की धूळ खात आहे. गावातल्या माणसाच्या हातात त्या वायफायवरून करायला काय होतं, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. पडद्यावरच्या डॉक्टरनं गोळी लिहून दिली तर गोळी दवाखान्यात पाहिजे. मोहाचा, तेंदूपानाचा भाव मोबाईलवर दिसला तर तो माल चार दिवस ठेवायला जागा पाहिजे. नाहीतर १८७० च्या खामगावात अन् हरिसालात फरक एवढाच की तार आता पेढीत नाही, आपल्या हातात आहे. थांबायची ताकद तिकडेच राहिली.

अन् दुसरी गोष्ट मनाला लागते ती ही. जे जंगल आम्हाला पाणी देते, त्या जंगलापायीच तिथल्या लेकरांना रेंज मिळत नाही. आम्ही खाली बसून त्यांच्या डोंगराचं पाणी पितो अन् फोर-जीवर शेतीचे व्हिडिओ पाहतो. जंगल राखणाऱ्या गावाला आधी इंटरनेट, आधी दवाखाना, असा हिशेब नियोजनात कुठं मांडलेला मला तरी दिसला नाही.

आता आपल्या गावात येऊ. २०१८ मध्ये नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू झाला, ज्याला आपण पोकरा म्हणतो. जागतिक बँकेचं ४२ कोटी डॉलरचं कर्ज, बाकी वाटा राज्याचा. १५ जिल्ह्यांतली ५१४२ गावं. त्यातली ४२१० दुष्काळी म्हणून अन् ९३२ गावं खास पूर्णेच्या खोऱ्यातली क्षारपड म्हणून. मला आठवते तसं, एखाद्या मोठ्या योजनेनं खारपाणपट्ट्याला वेगळं नाव देऊन मोजल्याचं हे पहिलंच पाहण्यात आलं. म्हणून मी या योजनेला बाकी कितीही नावं ठेवली तरी हे श्रेय देतो.

तिच्यातली गाभ्याची गोष्ट अनुदान नव्हती, ताळेबंद होती. आयआयटी मुंबईच्या लोकांनी बनवलेल्या पद्धतीत गावाचा पाऊस, मातीचा प्रकार अन् खोली, उतार, पिकं हे घालायचं. मग किती पाणी वाहून गेलं, किती मातीत ओल म्हणून राहिलं, किती पिकानं घेतलं, किती खाली जिरलं, याचे आकडे निघतात. त्यावरून गावानं ठरवायचं की कुठं काय काम करायचं. त्यासाठी ग्राम कृषी संजीवनी समिती, तिच्यात सरपंच, कास्तकार, महिला. अर्ज सगळा ऑनलाइन, पैसे सरळ खात्यात.

आमच्याकडच्या बैठकीत ताळेबंद वाचून दाखवला तेव्हा मागच्या ओळीतला एक म्हातारा उठला. म्हणे, "बाप्पा, हे खाली जिरलेलं पाणी तुम्ही शिल्लकीत धरलं का खर्चात?" सगळे हसले. पण प्रश्न लाखाचा होता. खडकाच्या गावात जिरलेलं पाणी जमेला असते. आमच्याकडे ते खर्चातच धरायचं, कारण ते परत उपसून वापरता येत नाही. आमच्या जमेला फक्त दोनच रकाने: मातीतली ओल अन् तळ्यातलं पाणी. बैठकीला आलेल्या पोरानं, चांगला शिकलेला होता, लगेच पेन काढून तसं लिहून घेतलं. अशी दुरुस्ती पोर्टलवर होत नाही, चावडीवर होते. माहिती खालून वर जाताना तिच्यासोबत अक्कलही वर गेली पाहिजे, नुसते आकडे नाही.

पावसाच्या यंत्राचंही तेच आहे. महावेध प्रकल्पात २०१७ पासून राज्यातल्या २०६५ महसूल मंडळांत एकेक स्वयंचलित हवामान केंद्र बसवलं गेलं. पूर्वी तालुक्याला एक पर्जन्यमापक असायचा, त्या मानानं मोठीच मजल. पण एका मंडळात दहा-वीस अन् काही ठिकाणी त्याहून जास्त गावं येतात. अन् आपला पाऊस कसा पडते ते तुम्हाला माहीत आहे, बैलाचं एक शिंग ओलं अन् एक कोरडं. पीक विमा, दुष्काळ, सल्ला सगळं त्या मंडळाच्या आकड्यावर. म्हणून मी दर वेळी सांगतो की शिवारात एक साधा पर्जन्यमापक लावा अन् सकाळी साडेआठला पाहून वहीत लिहा. सरकारी मोजणीची वेळ तीच असते. त्या वहीनं विमा मिळत नाही, ठाऊक आहे मला. पण गावाच्या ताळेबंदात घालायला गावचा पाऊस राहते.

१५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. गाव नमुना बारा, म्हणजे पिकाची नोंद, इतकी वर्षं तलाठी लिहायचा. कित्येकदा चावडीत बसूनच. आता कास्तकारानं वावरात उभं राहून फोटो काढायचा अन् पीक स्वतः नोंदवायचं. साहेबाच्या मोजणीनंतर दीडशे वर्षांनी वावराची नोंद वावरवाल्याच्या हाती आली, ही काही लहान गोष्ट नाही. रेंज नसली की काय हाल होतात ते वेगळं. एका हातात मोबाईल वर धरून धुऱ्याधुऱ्यानं फिरणारे कास्तकार पाहिले की वाटते, हे लोक आभाळाला काहीतरी मागून रायले. अन् ज्या घरात चांगला मोबाईल नाही, शिकलेलं पोरगं नाही, जिथं नवऱ्याच्या पाठीमागे एकटी बाई शेती करते, तिथली नोंद मागे राहते, अर्ज मागे राहतो. मग सेतूवाल्याकडे पन्नास-शंभर द्यायचे. तारेच्या टोकाला पुन्हा मधला माणूस बसलाच.

कापसाचं ताजं उदाहरण घ्या. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत वाढवलं. ही बातमी मला माझ्या मोबाईलवर मिळाली, अकोल्याच्या मोठ्या व्यापाऱ्याला मिळाली तेव्हाच. १८७० च्या मानानं केवढी प्रगती! पण पऱ्हाटी तेव्हा पात्या-फुलावर होती. बातमी वाचून मी काय करणार होतो, उपटून फेकणार? त्याच हंगामात सीसीआयला कापूस द्यायचा तर कपास किसान ॲपवर नोंदणी लागणार असं झालं. म्हणजे भाव पडायची बातमी फुकट, अन् आधारभाव मिळवायला ॲप. ज्याच्या घरात चार महिने कापूस ठेवायला कोरडी खोली आहे तो वाट पाहू शकला. बाकीच्यांनी खेडा खरेदीवाल्याला मोजून दिला.

म्हणून माझ्या हिशेबात तार अन् तळं ही जोडी आहे. पावसाचा खंड पडणार असा मेसेज सगळ्यांना येते. ज्याच्याकडे तळं आहे तो मोटर लावते, ज्याच्याकडे नाही तो मेसेज वाचते. झड लागणार असं कळलं तर ज्याच्या वावरात रुंद वरंबे आहेत अन् पाण्याला वाट काढलेली आहे तो झोपते, बाकीचे रात्रभर फावडं घेऊन फिरतात. योजनावाले केबलचे किलोमीटर एका खात्यात मोजतात अन् तळ्यांची संख्या दुसऱ्या खात्यात. एका वावरात दोन्ही पोचलं का, हे कोण्याच रकान्यात नाही. पोकराच्या पुढच्या टप्प्याचं काम सुरू होत आहे. गावाच्या बैठका होतील, समित्या बसतील. खारपाणपट्ट्यातल्या मंडळींनी तिथं जाऊन ताळेबंदाचे रकाने तपासा. जिरलेलं पाणी जमेत धरलेलं दिसलं तर तिथल्या तिथं हात वर करा. तळ्याच्या कामात कागदाचा खर्च आपसूक धरला असेल तर विचारा, की आमच्या मातीला तो लागतो का, आधी खड्डा भरून पाहिला का.

अन् ज्यांच्या शेततळ्याला कागद नाही अन् तीन वर्षं झाली आहेत, त्यांनी मला एवढं कळवा: तळं किती बाय किती, काठ भरून पाणी किती तारखेला होतं, अन् दिवाळीनंतर किती फूट उरलं. ईसी मीटरनं पाणी तपासलं असेल तर तोही आकडा द्या. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर, जिथले असाल तिथले. पन्नासेक तळ्यांचे आकडे जमले की एकत्र करून याच पानावर टाकतो, अन् बैठकीला जाताना छापून सोबत नेतो.

तोवर झड उघडली की आधी सोयाबीनमधलं साचलेलं पाणी काढा. दोन दिवस मुळं पाण्यात राहिली की झाड पिवळं पडते.